छत्तीस काटे

"छत्तीस," मी म्हटलं.

माझे मार्गदर्शक उमरीकर सर माझ्या पाठीमागे उभे होते. त्यांनी मला स्टुलावरून उठवलं, स्वतः बसले, चष्मा कपाळावर सारला आणि डोळा मायक्रोस्कोपला लावला. मोजताना त्यांचे ओठ हलत होते. बाजूच्या टेबलावर सुरवसे सर प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते, त्यांचाही हात थांबला.

"वरच्या ओळीत अठरा, खालच्या ओळीत अठरा," सर म्हणाले. "छत्तीसच. सुरवसे, या, बघून घ्या. नवी जात आहे."

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. तो किडा तांदळाच्या कणीएवढा होता. खोल समुद्रातल्या एका माशाच्या आतड्यात तो राहतो. त्या माशाला जहाजावरची माणसं शेपट्या म्हणायची, कारण त्याचं अंग मागे निमुळतं होत होत उंदराच्या शेपटीवर संपतं. जिथे उजेड पोचत नाही अशा पाण्यात, दोन-तीनशे वाव, म्हणजे चार-पाचशे मीटर खाली हा मासा फिरणार आणि त्याच्या पोटात हे आमचे पाहुणे. या किड्याच्या तोंडाभोवती बारीक काट्यांचं दुहेरी कडं असतं. काटे किती, त्यावर त्याची जात ठरते. सरांनी वीस-बावीस वर्षांत या किड्याच्या चार नव्या जाती जगापुढे मांडल्या होत्या: आधी अठ्ठावीस काट्यांची, मग चौतीसची, एकतीसची आणि बावीसची. छत्तीसची कुणी पाहिली नव्हती.

आता गंमत ऐका. आमचं विद्यापीठ समुद्रापासून एस.टी.ने चौदा तासांवर. खिडकीतून दिसायचं ते ज्वारीचं रान. विभागातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला होता तो शाळेच्या सहलीत. रत्नागिरी बंदरात एक सर्वेक्षण जहाज यायचं, त्यावरचे खोल पाण्यातले मासे बर्फात घालून ट्रकने आमच्याकडे येत. कधी दुसऱ्या दिवशी पोचायचे, कधी चौथ्या. मग आम्ही ते फाडायचो, किडे काढायचो, लाल रंगात बुडवायचो आणि लवंगेच्या तेलात ठेवून आरपार दिसतील असे करायचो. त्या तेलाचा वास अंगाला कायम असायचा. माझ्या घरमालकीणबाई सहा महिने धरून चालल्या होत्या की मी दाताच्या डॉक्टरकडे कामाला आहे.

मी देवगडची, गाबिताची पोर. कुंदा मोंडकर. आई पाटी घेऊन मासे विकायची, वडील होडीवर. मी या विभागात पहिल्यांदा आले तेव्हा सर सगळ्यांना म्हणाले, "आपल्याकडे समुद्राच्या घरची मुलगी आली." मला टायफॉइड झाला तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, महिनाभर डबा पाठवला. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक मला कृतघ्न म्हणतात. म्हणोत.

विभागात एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण नवी जात असल्याशिवाय कुणाचा प्रबंध सादर होत नसे. माझा प्रबंध चार वर्षं त्यासाठी अडकला होता. दुसरी रीत नावाची. किड्याला माणसाचं नाव देता येतं, पण स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. ते दुसऱ्यानं द्यावं लागतं. वेगवेगळ्या माशांतल्या अशाच काटेवाल्या किड्यांच्या सरांनी मांडलेल्या एकूण त्रेचाळीस जातींमध्ये त्यांच्या आईचं नाव होतं, गावाचं होतं, गुरूंचं होतं, दोन कुलगुरूंचं होतं. सरांचं स्वतःचं नाव एकाही जातीला नव्हतं. विद्यार्थ्यांनी द्यायचं म्हटलं की सर म्हणत, "अरे, बघू पुढे." आणि आता तीन आठवड्यांनी सर निवृत्त होणार होते.

"या वेळी सरांचं ऐकायचं नाही," सुरवसे सर म्हणाले. ते सरांचेच विद्यार्थी, आता विभागात लेक्चरर. "कुंदाबाई, सत्काराच्या दिवशी स्टेजवर तुम्हीच नाव जाहीर करायचं."

सर नुसते रुमालानं चष्मा पुसत राहिले. एवढा सुखावलेला माणूस मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला आहे. सुरवसे सरांनी पेढे आणवले आणि मी दोन खाल्ले.

नव्या जातीची आकृती काढायची तर एक किडा पुरत नाही. छत्तीस काट्यांचा तो पहिला मी स्वतः जहाजावर काढलेला. माझा मामा त्या जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम होता. त्यानं कप्तानाच्या हातापाया पडून मला पाच दिवसांच्या फेरीवर नेलं होतं. मला बघून म्हणाला, "किडे बघूक दर्यात इलंस? घराकडे कमी होते काय गो?" जाळं वर आल्यावर दहा मिनिटांत मी एक शेपट्या फाडला, त्यातला एक किडा आहे तसा टिकावा म्हणून कढत मिठाच्या पाण्यात टाकला आणि लगेच मला उलट्या सुरू झाल्या. कोळ्या-गाबितांच्या घरात जन्मून मला जहाज लागलं, याची मामा अजून मजा उडवतो. मग बाकीचे मासे बर्फात गेले आणि नेहमीसारखे ट्रकने विभागात आले.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी मी ते फाडायला घेतले. त्याच जाळ्यातले, त्याच दिवशीचे मासे. पहिल्या किड्याला एकतीस काटे. दुसऱ्याला सव्वीस. तिसऱ्याला अठ्ठावीस. सव्वीस कुणाचेच नव्हते, म्हणजे आणखी एक नवी जात. मला हसू यायला लागलं. एका जाळ्यातल्या माशांच्या पोटात एकाच घराण्यातल्या चार-चार जाती नांदतायत, हे आमच्या चाळीतसुद्धा जमलं नसतं.

संध्याकाळपर्यंत मी अकरा किडे मोजले. छत्तीस एकालाही नाहीत. मग मी ज्या डिशमध्ये किडे धुतले होते ते पाणी फेकायच्या ऐवजी मायक्रोस्कोपखाली ठेवलं. त्यात काटे पडले होते. सुटे, अख्खे, टोकदार. एक नाही, कितीतरी.

ते कुठून आले ते मी ओळखलं. कारण हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मामा जाळ्यातून मासा निवडताना म्हणाला होता, "ताज्या माशाची खवलां ओढून काढूची लागतत, शिळ्याची आपोआप गळतत." आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं. मासा शिळा झाला की खवले सुटतात, त्याच्या पोटातला किडा शिळा झाला की काटे सुटतात. आमच्या विभागाला मासा कायम शिळाच मिळत आला होता. जेवढा ट्रक उशिरा, तेवढे काटे कमी, आणि तेवढ्या नव्या जाती.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. सर निमंत्रणपत्रिकेवर पत्ते लिहीत होते.

"सर, ते काटे गळतात. सगळ्या जाती एकच आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सांगत होते ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डिशमध्ये काटे दिसले म्हणून? काचा दाबताना तुझ्याकडून तुटले असतील."

"तुटलेले नाहीत, सर. मुळापासून निघालेत."

"कुंदा, मी हे काम तू जन्मायच्या आधीपासून करतो आहे." आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "काटे गळतात असं म्हणतेस ना? मग एका किड्याचे गळलेले आणि राहिलेले, दोन्ही माझ्यापुढे मोजून दाखव. अंदाजानं विज्ञान चालत नाही."

"दाखवते," मी म्हटलं.

मी रजा टाकली आणि रत्नागिरी गाठली. मामानं पुन्हा कप्तानाला गाठलं. या वेळी मी जाळं वर यायच्या आधीच उलट्या उरकून घेतल्या. एक मोठा शेपट्या निवडला. खोल पाण्यातून झटकन वर ओढला की या माशाचं जठर फुगून तोंडातून बाहेर येतं, दिसायला भयंकर दिसतो. त्याच्या आतड्यातून पाच किडे काढले. एक लगेच कढत पाण्यात टाकला. उरलेले चार किडे चार वेगवेगळ्या काचेच्या वाट्यांत, त्या माशाच्याच आतड्याच्या चिखलात ठेवले. एक सहा तास, दुसरा बारा, तिसरा अठरा आणि चौथा चोवीस, मग त्याच वाटीत कढत पाणी. वाटीत जे काही पडेल ते वाटीतच राहील, सांडू द्यायचं नाही. जहाज हलत होतं आणि मी चोवीस तास त्या वाट्यांना मांडी घालून धरून बसले होते. खलाशी येऊन बघून जात. एकानं विचारलं, "बाई, हे उबवायला ठेवलंय का?"

सत्काराच्या आदल्या दिवशी मी परत पोचले. मोजलं. पहिल्याला छत्तीस. सहा तासांच्या किड्याला चौतीस, वाटीत दोन. बारा तासांच्याला तीस, वाटीत सहा. अठराच्याला अठ्ठावीस, वाटीत आठ. चोवीसच्याला बावीस, वाटीत चौदा. कुठूनही बेरीज करा.

सुरवसे सर दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना मायक्रोस्कोप दाखवला. त्यांनी बघितलं, मोजलं, आणि खुर्ची ओढून बसले. मला वाटलं ओरडतील. ते अगदी हळू बोलले.

"एकतीसची आणि बावीसची जात माझ्या प्रबंधातली आहे, कुंदाबाई."

"माहीत आहे, सर."

"त्यावर मला ही नोकरी मिळाली. माझ्या आधीच्या तिघांनाही अशाच जातींवर पदव्या मिळाल्यात. तुम्ही उद्या सगळ्यांच्या पाटावरून ताट ओढणार. कशासाठी? किड्यासाठी? त्या किड्याला तरी काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"एक दिवस मूग गिळून बसा. नाव जाहीर करा, पदवी घ्या. मग पाच वर्षांनी काय लिहायचं ते लिहा, कोण अडवतंय?"

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. सगळे असंच करतात. पण पाच वर्षांनी माझ्याही नावावर एक खोटी जात असणार होती, तिच्यावर माझी नोकरी असणार होती, आणि दारात असंच हळू आवाजात बोलणारी मी असणार होते. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेले. स्टेजवर पहिल्यांदा कळावं असं मला वाटत नव्हतं, कुणी काहीही म्हणो. घर पाहुण्यांनी भरलेलं. काकू पैठणी नेसून सगळ्यांना शिरा वाढत होत्या, मलाही बशी दिली. सर नवा कोट घालून आरशासमोर उभे होते.

"सर, तुम्ही सांगितलंत तसं मोजून आणलंय. दोन्ही."

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. किती आले, असं त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यावरून मला कळलं की त्यांना कळलं आहे.

"आज नको," सर म्हणाले. "कुंदा, आज फक्त नाव सांग."

"नाही सांगता येणार, सर."

"मी सांगतोय म्हणून?"

"तुम्हीच सांगितलं होतंत, अंदाजानं चालत नाही. आता तर अंदाजही राहिला नाही."

सरांनी कोटाची बटणं लावली. "मग येऊ नकोस कार्यक्रमाला," ते म्हणाले.

मी शिरा तसाच ठेवला आणि निघाले. आणि कार्यक्रमाला गेले.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठामागे मीच काढलेलं चित्र लावलेलं. माणसाएवढा किडा, तोंडाभोवती छत्तीस काटे, खाली नावासाठी कोरी जागा. मी प्रयोगशाळेतून पाच मायक्रोस्कोप उचलून आणले आणि पुढच्या टेबलावर ओळीनं मांडले. शिपाई मला मदत करत होता, त्याला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. चौघांच्या खाली मी चिठ्ठ्या ठेवल्या. चौतीसच्या, अठ्ठाविसाच्या आणि बाविसाच्या खाली सरांनी दिलेली नावं. तिसाच्या खाली लिहिलं, 'या जातीला अजून नाव नाही. ट्रक दोन तास लवकर आला असता तर मिळालं असतं.' हा आगाऊपणा होता. मी बावीस-तेवीस वर्षांची नव्हते, चांगली अठ्ठावीस वर्षांची होते, पण राग आला की माझा हात असाच चालतो.

माझं नाव पुकारलं. सुरवसे सर माईकपाशी उभे होते. ते बाजूला होईनात. मी माईकशिवायच बोलले. मासे विकणाऱ्या बाईच्या मुलीला माईक लागत नाही.

"मला इथे नव्या जातीचं नाव सांगायचं होतं," मी म्हटलं. "नवी जात नाही. हे पाचही किडे एका माशाच्या एका आतड्यातले आहेत आणि पाचही एकाच जातीचे आहेत. मेल्यावर त्यांचे काटे गळतात. आपण गळलेल्या काट्यांना नावं दिली. ज्याला शंका असेल त्यानं पुढे येऊन मोजावं."

कुणीतरी मागून म्हणालं, "खाली बसवा तिला." काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी डोक्याला हात लावला. ते मला आजही दिसतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही.

सर उठले. गळ्यात हार तसाच होता. लोकांना वाटलं ते बोलणार आहेत. ते टेबलाशी आले, चष्मा कपाळावर सारला आणि पहिल्या मायक्रोस्कोपवर वाकले. मग दुसऱ्या. हार आड येत होता, तो त्यांनी काढून खुर्चीवर ठेवला. तिसऱ्यापाशी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. शेवटच्या बाविसाच्या किड्यापाशी ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "याची वाटी."

मी वाटी लावून दिली. सर मोठ्यानं मोजायला लागले. भाषणं देऊन देऊन त्यांचा आवाज खणखणीत झालेला, पण हे ते स्वतःशीच मोजत होते आणि तरी सगळ्यांना ऐकू येत होतं. एक. दोन. तीन. बाराला थांबले, फोकस फिरवला. तेरा. चौदा. मग अजून कुठे काही राहिलं आहे का ते शोधत राहिले. त्यांना पंधरावा सापडावा असं मलाच वाटायला लागलं होतं.

सर सरळ उभे राहिले आणि सभागृहातून चालत बाहेर गेले. शाल-श्रीफळ टेबलावरच राहिलं.

दोन तासांनी शिपाई बोलवायला आला. सर त्यांच्या खोलीत एकटेच होते. कोट खुर्चीच्या पाठीला अडकवलेला. माझ्या प्रबंधाची टाइप केलेली प्रत त्यांच्यापुढे होती.

"पहिली राहते ना?" त्यांनी विचारलं.

"राहते, सर. नियमच आहे. ज्या नावाची नोंद आधी झाली तेच टिकतं. अठ्ठाविसाची तुमची पहिली. तीच खरी, फक्त काटे छत्तीस लिहायचे. बाकीच्या तीन जातात."

"तिला माझ्या आईचं नाव आहे."

"हो, सर."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "आता माझं ऐक. या प्रबंधाला नव्या जातीची गरज नाही, असं मी लिहून देतो. बाकीची प्रकरणं उत्तम आहेत. काट्यांचं प्रकरण तेवढं वगळ. ते मी लिहीन. माझी चूक मी दुरुस्त केली तर ती दुरुस्ती ठरते. तू केलीस तर माझी धिंड. मी आत्ता सही करतो."

पेन उघडं होतं. चार वर्षं मी त्या सहीसाठी थांबले होते. घरी आई सगळ्यांना सांगत होती की आमची कुंदा डॉक्टर होणार, आणि सुई टोचणारी डॉक्टर नाही, मोठी. क्षणभर मी हो म्हणणार होते. खोटं कशाला बोलू.

"कधी लिहाल, सर?"

"लिहीन. निवृत्तीनंतर, निवांत."

"सुरवसे सरांच्या दोन जातींचंही?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, हे त्यांचं मोठेपण म्हणा. ते लिहिणार नव्हते.

"ते प्रकरण मी वगळणार नाही," मी म्हटलं. "मी जहाजावर ओकत ओकत केलेलं काम आहे ते. तुमच्या सहीसाठी मी ते तुमच्या नावावरही करणार नाही आणि कपाटातही ठेवणार नाही."

"मग सही नाही मिळणार, कुंदा."

"नको, सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी प्रबंध उचलला. एस.टी.त बसल्यावर मी घाटापर्यंत रडले. पण माघारी फिरावं असं एकदाही वाटलं नाही.

काट्यांवरचा माझा लेख छापून यायला तीन वर्षं लागली. दोन ठिकाणांहून परत आला. छापला तेव्हा त्यावर माझं एकटीचं नाव होतं आणि नावापुढे एम.एस्सी. मी आमच्याच बाजूच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायला लागले. मुलं बेडूक फाडायची, मी नोकरीतून उरलेल्या वेळात मामानं पाठवलेले मासे फाडायची. जगातल्या जातींच्या यादीत माझ्या नावावर एकही नवी जात नाही. मी फक्त कमी केल्या आहेत. या व्यवसायात अशा माणसाला सत्काराला बोलवत नाहीत.

अकरा वर्षांनी एका दुपारी कॉलेजच्या फाटकापाशी रिक्षा थांबली आणि उमरीकर सर उतरले. काठी आली होती. चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या. रिक्षावाला त्यांच्यामागून लाकडी पेट्या उतरवत होता.

मी नमस्कार केला. "काकू?" विचारलं.

"दोन वर्षं झाली," सर म्हणाले. "तुझा लेख मी वाचला. त्यातली तिसरी आकृती चांगली नाही." मग त्यांनी काठी पेट्यांकडे केली. "या माझ्या स्लाइडी. त्रेचाळीस जाती. मला आता दिसत नाही. यातल्या खऱ्या किती, ते मला बघून दे."

"बघते, सर. पण जे दिसेल तेच सांगेन. आणि तेच लिहीन."

"खोटं ऐकायला मी एवढा घाट उतरलो नाही," सर म्हणाले. "त्यासाठी विभाग जवळ होता."

ते आमच्याकडे नऊ दिवस राहिले. सकाळी मी तास घ्यायची आणि दुपारी प्रयोगशाळेत स्लाइडी बघायची. सर शेजारी स्टुलावर बसून असत, हनुवटी काठीवर. आई त्यांना रोज कालवण विचारून करायची. गळलेल्या काट्याच्या जागी बारीक खाच राहते, ती आता मला ओळखता यायची. खाच दिसली की मी जातीवर काट मारायची आणि त्यांना सांगायची. ते "हं" म्हणायचे. एखादी टिकली की तेही सांगायची, तेव्हाही ते "हं"च म्हणायचे. आईच्या नावाची टिकलेली होतीच. गुरूंच्या नावाची गेली. दोन्ही कुलगुरू गेले, तेव्हा मात्र सर थोडे हसले.

नवव्या दिवशी पेट्या संपल्या. मी वही मिटली.

"किती?" सरांनी विचारलं.

"अकरा."

"अकरा?" त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी घरून निघताना सहा धरल्या होत्या."

मी स्लाइडी पेटीत भरायला लागले. सर थोड्या वेळानं म्हणाले, "त्या गावाच्या नावाच्या जातीवर तू काट मारलीस. काटे कमी आहेत म्हणून ना?"

"हो. खाच नीट दिसत नाही, काच चिकटवायच्या बाल्समचा बुडबुडा आहे त्यावर. पण काटे कमी आहेत."

"तो किडा मी वेंगुर्ल्याला, किनाऱ्यावर बसून, अजून तडफडणाऱ्या माशातून काढला होता. मी आयुष्यात एकदाच ताजा मासा फाडला, तोच तो. त्याचे काटे गळलेले नाहीत, मुळात तेवढेच आहेत. तू खाच न बघता काट मारलीस."

मी चिडले. नऊ दिवस मान मोडून बघितल्यावर वर हे. पण स्लाइड पुन्हा काढली, बुडबुड्याच्या कडेनं उजेड फिरवून फिरवून पाहिलं. अर्धा तास लागला. दोन्ही ओळी सलग होत्या आणि खाच एकही नव्हती.

"खाच नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी वही उघडली, माझी काट खोडली आणि अकराच्या जागी बारा लिहिलं.